आकाशचिन्हांची हद्द

वर्धा शहर कुठे संपते आणि पिपरी मेघे कुठे सुरू होते, हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. दुकानांची रांग तुटत नाही, विजेचे खांब तुटत नाहीत आणि खांबांना बांधलेले वाढदिवसाचे फलकही तुटत नाहीत. सरकारी दप्तरात मात्र हद्द पक्की आहे. शहराकडच्या बाजूला नगर परिषद आणि १९६५ चा अधिनियम, पिपरीकडे ग्रामपंचायत आणि १९५८ चा. तोच फलक चार पावले सरकवला की त्याचा कायदा बदलतो.

तात्पुरत्या फलकांवरच्या नियमांचा माग काढू लागलो, तेव्हा हाती जाहिरातीचा इतिहास येईल असे वाटले होते. आला तो जागेच्या मालकीचा.

महापालिकांच्या कारभारात 'आकाशचिन्ह' असा एक भारदस्त शब्द आहे. तो 'स्काय-साइन'चा अनुवाद. इमारतींच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर अक्षरे उभी करण्याची टूम लंडनमध्ये निघाली आणि तिला आवर घालायला तिथे १८९१ मध्ये कायदा झाला. हीच कल्पना मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३२८ मध्ये आणि पुढे इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमात कलम २४४ म्हणून आली. दोन्हींत लेखी परवानगी हवी, आणि तीही एका वेळी दोन वर्षांपलीकडे नाही.

वर्धा या वाटेवर नव्हते. इथली नगरपालिका मध्य प्रांताच्या १९२२ च्या कायद्याखाली चालली. प्रांत बदलले, राज्ये बदलली, आणि १९६५ च्या अधिनियमाने तो जुना कायदा रद्द केला. खेड्यांसाठीच्या १९५८ च्या अधिनियमात कलम ५३ आहे, तेही रस्त्यावरील अडथळे आणि अतिक्रमणे यांबद्दलचे. म्हणजे या कलमाच्या नजरेतून पाहिले तर पिपरीतला फलक हे आकाशचिन्ह नसून विटांच्या ढिगासारखा एक अडथळा आहे. मला हे वर्णन अधिक प्रामाणिक वाटते.

हे कायदे लिहिले गेले तेव्हा फलक रंगवावा लागे. पेंटर कापड ताणून एकेक अक्षर काढी, आणि त्या कष्टामुळेच फलकांच्या संख्येला मर्यादा होती. फ्लेक्स आले आणि ती मर्यादा गेली. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दोन हजार रुपये आज छपाई आणि बल्ल्यांच्या खर्चात सहज मिसळून जातात. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर आदेश दिले. त्यानंतरही पालिकांना न्यायालयात पुन्हा पुन्हा जाब द्यावा लागला.

हद्दीची किंमत कुठे मोजली गेली, ते दोन तारखांत दिसते. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरचा जाहिरात फलक उतरवला जात असताना लोखंडी सांगाडा वाहनांवर कोसळला. चार जण गेले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात १२० फूट लांब, १२० फूट रुंद फलक पेट्रोल पंपावर पडला. सतरा जण गेले. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० होती. पण जागा लोहमार्ग पोलिसांची, त्यामुळे परवानगी कोणाची हा वाद माणसे गेल्यानंतर सुरू झाला. वारा मात्र सातबारा पाहून वाहत नाही.

हद्द न मानणारा एकच नियम मला आढळला, तो आचारसंहितेचा. निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरचे राजकीय फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचे विनापरवाना फलक ७२ तासांत उतरवायचे असतात. नगर परिषद की ग्रामपंचायत, हा प्रश्नच येत नाही. माणसे तीच, शिडी तीच, कोयताही तोच.

२०२४ मध्ये विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, आणि शुभेच्छाफलकांचा ऐन हंगाम, म्हणजे दिवाळी, आचारसंहितेत आली. २३ नोव्हेंबरला निकाल लागले, आचारसंहिता उठली, आणि अभिनंदनाच्या फलकांना खांब पुन्हा मोकळे झाले.