बाळाचे पाय जमिनीला टेकतात का?

ताईच्या दीड वर्षाच्या मुलासाठी पॉटी निवडण्याची जबाबदारी गेल्या महिन्यात घरच्यांनी एकमताने माझ्यावर सोपवली. इतिहासात एम.ए. करणाऱ्यांकडे वेळच वेळ असतो, असा त्यामागचा समज असावा. दुकानात बदकाच्या आकाराच्या, गाणी म्हणणाऱ्या, हँडल असलेल्या अशा पॉट्यांची रांग लागली होती. ती पाहताना मला आठवली ती अथेन्समधील एक मातीची बैठक. आजचा धागा तिच्याविषयी.

ही बैठक अगोरा या प्राचीन नगरचौकाच्या उत्खननात सापडली. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातील ही वस्तू आज स्टोआ ऑफ अटॅलोसमधील संग्रहालयात ठेवलेली आहे. खाली पोकळ, रुंद बुडाचा स्तंभ. वर खोलगट वाडग्यासारखी बैठक. पाय बाहेर काढण्यासाठी पुढे जागा आणि तळाला भोक. भाजलेल्या मातीची असल्यामुळे धुवायला सोपी, आणि वजनदार असल्यामुळे बाळाच्या धडपडीने सहजी न कलंडणारी. आजचे आईवडील दुकानात ज्या गुणांची चौकशी करतात, ते अथेन्सच्या कुंभाराने सव्वीस शतकांपूर्वीच साधले होते.

अशी वस्तू एकटी सापडली, तर तिचा उपयोग सिद्ध करणे अवघड. येथे चित्रे साहाय्याला येतात. ब्रुसेल्सच्या संग्रहालयातील एका मद्यपात्रावर, म्हणजे चक्क पुरुषांच्या मैफिलीतील पेल्यावर, अशाच बैठकीत बसवलेले बाळ दिसते. समोर एक स्त्री बसलेली आहे आणि बाळ तिच्याकडे हात पसरते आहे. ती आई असेल, दाई असेल किंवा घरातील दासी. २००६ मध्ये कॅथलीन लिंच आणि जॉन पापाडोपुलॉस यांनी ‘हेस्पेरिया’ या नियतकालिकात या बैठकांवर सविस्तर शोधनिबंध लिहिला. पेरिक्लीसच्या नगरीविषयी ग्रंथांचे डोंगर रचले गेले. पण त्या नगरीतील बाळांना शिस्त कोणी आणि कशी लावली, हे जाणण्यासाठी एका पेल्याकडे जावे लागते.

त्या चित्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते बाळाचे पाय. ते अधांतरी लोंबकळत आहेत. बाळाला त्या बैठकीत स्वतःहून चढता येत नाही आणि उतरताही येत नाही. केव्हा बसायचे आणि केव्हा उठायचे, हे सर्वस्वी मोठ्यांच्या हाती. मध्य आशियातील ‘बेशिक’ या पाळण्यात तर बसण्याचाही प्रश्न नाही: बाळ बांधून निजवलेले, लघवीसाठी लाकडी नळी (मुलाची आणि मुलीची निराळी) आणि खाली भांडे.

मोठ्यांचा हा अधिकार विसाव्या शतकातही सहजी सुटला नाही. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ब्युरोने १९१४ मध्ये काढलेल्या ‘इन्फंट केअर’ या पुस्तिकेत तिसऱ्या महिन्यापासून, प्रसंगी त्याहूनही आधी, बाळाला भांड्याची सवय लावण्यास सुचवले होते. अर्थात अतिशय हळुवारपणे. लंगोट धुण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येत होते, हे लक्षात घेतले की ही घाई क्रूर वाटेनाशी होते.

१९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी ११७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला आणि हा क्रम उलटवला. सुमारे दीड वर्षापर्यंत थांबा. मुलाला त्याची स्वतःची, जमिनीवरची खुर्ची द्या. आरंभी पूर्ण कपड्यांनिशी बसू द्या. नको असेल तेव्हा उठून जाऊ द्या. पाय जमिनीला टेकले आणि निर्णयही मुलाकडे आला. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या पॅम्पर्सला ही सबुरी सोयीची ठरली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझेल्टन त्यांच्या जाहिरातीत झळकल्यावर टीकाही झाली. पण कालक्रम पाहा. विचार आधी, जाहिरात सुमारे साडेतीन दशकांनंतर. हेतूचा आरोप करण्यापूर्वी एवढे तपासणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्यच आहे.

आपल्याकडची रीत मात्र कोणत्याही संग्रहालयात ठेवता येणार नाही. पाय लांब करून बसलेली आजी, तिच्या पावलांवर टेकवलेले बाळ आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज. बैठकही आजी आणि आधारही आजीच. उत्खननात याचा कोणता अवशेष सापडणार? वस्तू मिळाली नाही म्हणून रीतच नव्हती असे लिहिणाऱ्यांनी या दोन पावलांचा विचार करावा.

शेवटी आम्ही साधी, ठेंगणी, न गाणारी पॉटी घेतली. भाचा पहिला आठवडाभर तिच्यावर पूर्ण कपड्यांनिशी बसून बिस्किटे खात होता. ब्राझेल्टन यांच्या क्रमानुसार सारे यथास्थित चालले होते. आईला मात्र ते अजून पटलेले नाही.