शिकाऱ्याचा जोडा

'पायातली वहाण पायातच बरी' असे आपल्याकडे म्हणतात. माणसाने माणसाला हिणवावे म्हणून वापरली जाणारी ही म्हण मला कधीच आवडली नाही. पण इतिहास लिहिणाऱ्यांनी ती अक्षरशः पाळलेली दिसते. तलवारीवर ग्रंथ आहेत, बंदुकीवर आहेत. परंतु ती तलवार आणि ती बंदूक घेऊन माणसे ज्या पायताणांत मैलोगणती चालली, त्यांच्याविषयी दोन ओळी सापडायच्या तर मारामार! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि मीही त्यांच्याकडे वळून पाहिले नसते. पण आमच्या माळ्यावर एक जोडा आहे.

तो वडिलांचा. ते मेळघाटात रेंजर होते. त्या काळी जंगलाचे भाग शिकारीसाठी परवान्यावर देत, आणि परवानेवाले साहेब आले की वडिलांना त्यांच्याबरोबर हिंडावे लागे. 1959 च्या डिसेंबरात असेच एक पाहुणे येणार होते. वडिलांनी महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खर्चून शहरातल्या एका नामांकित दुकानातून घोट्याच्या वर येणारे कातडी शिकारी बूट आणले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या बुटांचा वास मला अजून आठवतो.

दोन दिवस सिपना नदीच्या काठाने, नाले ओलांडीत ती मंडळी फिरली. पहिल्या दिवशी बूट भिजले, रात्री शेकोटीजवळ वाळवले तेव्हा आकसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या बुटाची शिवण तळव्यापासून उसवली. बरोबरचा कोरकू वाटाड्या प्रत्येक नाल्यापाशी आपल्या वहाणा काढून हातात घेई आणि पलीकडे जाऊन पुन्हा घाली. त्याचे पाय कोरडे राहिले, वडिलांचे सोलवटून निघाले. टाचेचा फोड चिघळला आणि ते तीन आठवडे अंथरुणाला खिळले. बरे झाल्यावर ते जोडा घेऊन दुकानात गेले, तर मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, शिवण आमची चांगलीच होती. तुमचं चालणंच वाईट."

हे वाक्य वडील मरेपर्यंत विसरले नाहीत, आणि म्हणूनच पुढे मेन प्रांतातल्या एका दुकानदाराची हकीकत वाचनात आली तेव्हा मी चमकलो. तिथेही शिवणच उसवली होती.

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे राज्य. पाइनची घनदाट अरण्ये, पाणथळी, आणि शरद सरता सरता पडणारे ओले हिम. तिथले मूळचे वाबानाकी लोक मूस नावाच्या अजस्र हरणाच्या कातड्याची मऊ, हलकी पायताणे करीत. ती पावलाला बिलगत आणि आवाज करीत नसत. गोऱ्या वसाहतवाल्यांचे जाड कातडी बूट भक्कम खरे, पण पाणी प्याले की मणामणाचे होत.

पाण्याला तोड रबराची. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक पावलाच्या आकाराच्या फर्म्यावर रबराच्या झाडाचा चीक थर देऊन वाळवीत आणि जोडे करीत. 1820 नंतरच्या काळात ते बॉस्टनच्या बाजारात येऊ लागले. पण हे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत लाकडासारखे ताठरे. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली आणि ही खोड गेली. 1844 मध्ये त्याला पेटंट मिळाले; तो स्वतः मात्र 1860 मध्ये कर्जबाजारी होऊनच वारला.

आता रबरी बुटात बाहेरचे पाणी शिरेना. परंतु आतला घामही बाहेर जाईना. दिवसभर चालणाऱ्याचे मोजे आतूनच भिजत. म्हणजे कातडे श्वास घेई पण पाणी पिई, आणि रबर पाणी अडवी पण श्वास कोंडी.

लिऑन लिऑनवुड बीन हा 1872 साली मेनमध्ये जन्मलेला, लहानपणीच आईबाप गेलेला, शिकारीचा नादिष्ट माणूस. फ्रीपोर्ट गावी त्याचे कापडचोपडाचे दुकान होते. 1911 च्या सुमारास एका शिकारीहून तो भिजलेले, गारठलेले पाय घेऊन परतला, आणि त्याने गावातल्या मोच्याकडून एक प्रयोग करवून घेतला : खाली कामकऱ्यांच्या रबरी बुटाचा तळभाग आणि वर हलके कातडे, दोन्ही एकत्र शिवलेले. पाणी जिथे लागते तिथे रबर, पाय जिथे वाकतो तिथे कातडे. इतकी साधी गोष्ट!

1912 मध्ये त्याने बाहेरगावच्या परवानाधारक शिकाऱ्यांची यादी मिळवली, त्यांना पत्रके पाठवली, आणि समाधान न झाल्यास पैसे परत देण्याचे वचन दिले. पहिले 100 जोड विकले गेले. त्यांतले 90 परत आले!

रबर पातळ आणि मऊ होते. सुईच्या भोकांची रांग पडली की पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखे ते त्या रेषेवरच फाटे. बीनला सांगता आले असते की, चालणे तुमचे वाईट. त्याने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले, अधिक मजबूत रबरी तळ बनवून घेतला आणि पुन्हा नव्याने विक्री मांडली. तो 1967 मध्ये, 94 वर्षांचा होऊन वारला. त्याचा बूट आजही मेनमध्येच शिवला जातो.

वडिलांनी ही कथा कधी ऐकली नव्हती. पण त्या आजारपणानंतर त्यांनी जोडा निवडण्याचे जे नियम केले, ते मला तोंडपाठ आहेत. जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजलेला असतो. जंगलात जे जाड लोकरी मोजे घालायचे, तेच घालून दुकानात जावे. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी होतात. पण टाच मात्र आत उचलता कामा नये, कारण फोडाचे मूळ त्या घासण्यात असते. जड जोडा टिकाऊ वाटतो, पण पायावरचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते. नवा जोडा आधी महिनाभर गावात वापरावा, मग रानात न्यावा. भिजला तर आत कागद कोंबून सावलीत वाळवावा. विस्तवाजवळ कधीच नाही. आणि सर्वांत शेवटी : शिवण पाहावी, आणि विकणाराचा चेहराही पाहावा.

1972 च्या कायद्याने आपल्याकडच्या त्या शिकारी संपल्या, हे फार चांगले झाले. आज मेळघाटात बूट घालून हिंडतात ते वाघांची राखण करणारे वनरक्षक. नाले तेच, पायही तसेच सोलवटतात.

बीनच्या गोष्टीलाही शेवट आहे. त्याच्या दुकानाने कालमर्यादेविना माल परत घेण्याची रीत वर्षानुवर्षे पाळली. पण लोक जुन्या बाजारातून फाटके बूट उचलून आणून नवे मागू लागले, आणि 2018 मध्ये त्या वचनाला एका वर्षाची मर्यादा घालावी लागली. त्या दिवशी मला आमच्या गावचा दुकानदार आठवला. विश्वास शिवणीसारखा दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. एकीकडे विकणारा त्याला उसवतो, दुसरीकडे घेणारा.

दर दिवाळीला माळा झाडताना तो जोडा खाली येतो. नातू विचारतो, "आजोबा, हा टाकायचा ना?" मी उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवतो, धूळ पुसतो आणि जोडा परत वर ठेवतो.