इन्फ्रारेड पोर्ट नेमका कुठे अडतो?

जुन्या लॅपटॉपच्या कडेला गडद प्लास्टिकची एक छोटी खिडकी असते. तिच्यामागचा इन्फ्रारेड पोर्ट चालेना, की बहुतेक जण आधी ड्रायव्हर बदलायला घेतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. जोडणी कोणत्या टप्प्यावर तुटते ते आधी पाहावे; कोणते सेटिंग उघडायचे ते त्यावरून ठरते.

याचा आधार १९९३ साली स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनच्या, म्हणजे आयआरडीएच्या, नियमांत आहे. त्यानुसार दोन उपकरणे एकमेकांना शोधतात ती सेकंदाला ९,६०० बिट या संथ वेगाने. ओळख पटल्यावरच दोघांना झेपेल असा वेग ठरतो. साध्या सिरियल पद्धतीत तो १,१५,२०० बिटपर्यंत जातो, वेगवान पद्धतीत ४० लाखांपर्यंत. त्यामुळे शोध लागणे आणि फाइल पोचणे या दोन वेगळ्या परीक्षा ठरतात.

शोधच लागत नसेल, तर सुरुवात बायॉसपासून करावी. तिथे पोर्ट बंद असेल, तर विंडोजला त्याचा पत्ताच नसतो. चालू करताना त्याला बहुधा कॉम-२ ची जागा मिळते, म्हणजे २एफ८ हा पत्ता आणि आयआरक्यू ३. तीच जागा दुसऱ्या सिरियल पोर्टने किंवा मोडेमने धरली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते. ते नसेल, तर प्रकाशच तपासावा. विंडोज एक्सपी शोधासाठी थोड्या थोड्या वेळाने किरण सोडत राहते आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात ही लुकलुक दिसू शकते. काही कॅमेऱ्यांत मात्र इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. म्हणून कॅमेऱ्याची परीक्षा आधी टीव्हीच्या रिमोटवर घ्यावी. दोन्ही खिडक्या समोरासमोर, एक मीटरच्या आत हव्यात. अक्षापासून १५ अंशांपलीकडे कललेल्या चालतीलच याची खात्री नसते.

शोध लागतो, पण फाइल पाठवताच जोडणी तुटते, हा प्रकार अधिक फसवा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये कमाल वेग १,१५,२०० वर आणावा. आता फाइल गेली, तर दोष वेगवान मार्गात आहे. या मार्गाला डीएमए वाहिनी लागते, आणि ईसीपी पद्धतीतला प्रिंटर पोर्ट अनेकदा तीच धरून बसतो. ट्रान्सीव्हरचा प्रकार चुकीचा निवडला असला, तरी हेच लक्षण दिसते. कमी वेगातही अक्षरे बिघडत असतील, तर किमान टर्नअराउंड वेळ वाढवून पाहावी. पोर्ट एका वेळी बोलतो किंवा ऐकतो. स्वतःच्याच प्रकाशाने दिपलेल्या ग्राहकाला सावरायला काही क्षण द्यावे लागतात.

लिनक्सवर शोधाचा टप्पा आयआरडीए-डंप या आज्ञेने थेट पाहता येतो. मात्र २०१८ च्या ४.१७ या कर्नलमधून आयआरडीए काढून टाकले गेले. अशा लॅपटॉपवर त्याआधीचे कर्नलच ठेवावे.