संगणकावरची फाईल डिलीट होत नाही? आधी कारण बघा, मग उपाय करा

सात-बारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. पीक विमा असो की दाखले, गावातल्या सेवा केंद्राच्या संगणकावर रोज अशी कागदपत्रं स्कॅन होतात. काम झाल्यावर 'आमची फाईल पुसून टाका' असं माणूस सांगतो. केंद्रचालक दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि म्हणतो, 'डिलीटच होईना हो.' कुणाच्या आधारची प्रत अशी डेस्कटॉपवर पडून राहणं बरं नाही. घरच्या किंवा दूध संस्थेच्या विंडोज संगणकावरही हीच अडचण येते.

बहुतेक वेळा फाईल खराब झालेली नसते, ती कुठेतरी उघडी असते. वर्ड, पीडीएफ रीडर, स्कॅनरचा प्रोग्राम यांपैकी कुणी ती धरून ठेवली की विंडोज ती पुसू देत नाही. स्क्रीनवरचा मेसेज न वाचता लोक ओके दाबतात. खरं तर कोणत्या प्रोग्राममध्ये फाईल उघडी आहे, हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. तो प्रोग्राम बंद करा. बंद केला तरी जमत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात तो प्रोग्राम निवडून 'एंड टास्क' करा. आधी चालू काम सेव्ह करा, नाहीतर अर्धा भरलेला फॉर्म जायचा. फोल्डरच्या उजव्या बाजूला फाईलचं चित्र दिसत असेल तर तेही कारण असू शकतं, ऑल्ट आणि पी दाबून ते बंद करा.

एवढं करूनही अडलं तर संगणक रीस्टार्ट करा. शट डाऊन नव्हे, रीस्टार्टच. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही आतली काही स्थिती जपून ठेवली जाते, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. चालू झाल्यावर दुसरं काही न उघडता आधी ती फाईल पुसा.

शिफ्ट-डिलीट दाबलं की हट्टी फाईल जाते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याने फाईल फक्त रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते, कुलूप मात्र उघडत नाही.

शेवटचा उपाय सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि 4 आकडा. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची रिकव्हरी की मागतात. ती हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

'परवानगी नाही' असा मेसेज आला तर गोष्ट वेगळी. फाईल दुसऱ्या युजरची असेल तर त्याच्याच किंवा अॅडमिनच्या खात्यातून पुसावी. 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाईल्स' या फोल्डरमधल्या फाईलींना हात लावू नका, त्या संगणक चालवण्यासाठीच असतात. फाईलचं नाव फार लांब असल्याची तक्रार आली तर ज्या फोल्डरांच्या आत ती आहे त्यांची नावं एक-दोन अक्षरांची करा.

पेनड्राइव्हचं दुखणं निराळं. मेमरी कार्डच्या अॅडॉप्टरला बाजूला बारीक खटका असतो, तो लॉकवर सरकला की काहीच पुसलं जात नाही. पण पुसलेल्या फाईली पेनड्राइव्ह काढून लावल्यावर परत दिसत असतील आणि फॉरमॅटही होत नसेल, तर बहुधा त्याची चिप संपत आली आहे. आतलं कामाचं कॉपी करून घ्या आणि नवा आणा. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले असतील तर तो व्हायरस समजा. त्यावर क्लिक न करता विंडोज सिक्युरिटीने स्कॅन करा. 'हट्टी फाईल काढून देतो' म्हणणारं अनोळखी सॉफ्टवेअर उतरवू नका, त्यातूनच नवा व्हायरस यायचा.

फाईल गेली तरी डाऊनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन बघायचं राहून जातं, तिथेही प्रत असते. जुना संगणक विकायचा असेल तर नुसतं डिलीट पुरत नाही, खास सॉफ्टवेअरने ते परत काढता येतं. कामाचं बाजूला ठेवून सेटिंग्जमधून 'रिसेट धिस पीसी' करा, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि त्यातला 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. याला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ लाईट राहील अशा दिवशीच हे काम काढा.