बाहेर गेलेल्यांचं गाव

आज आपण चीनमधल्या एका तालुक्याची गोष्ट ऐकणार आहोत. आन्हुई प्रांताच्या दक्षिणेला, हुआंगशान पर्वताजवळ, यी नावाचा हा डोंगराळ भाग आहे. तिथली शीदी आणि होंगत्सुन ही दोन जुनी गावं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

डोंगर फार, शेतजमीन थोडी. त्यामुळे मिंग आणि चिंग राजवटींच्या काळात इथली मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली की व्यापार शिकायला घर सोडत. मीठ, चहा, लाकूड यांत पैसा कमावत आणि गावी घरं बांधत. होंगत्सुनमधला एक मोठा वाडा १८५५च्या सुमारास मिठाच्या व्यापाऱ्यानंच बांधला.

ही घरं बाहेरून उंच, पांढरी, खिडक्या अगदी लहान. आत मात्र आपल्या वाड्यासारखा उघडा चौक. चारही छपरांचं पाणी चौकातच पडतं, कारण पाणी म्हणजे संपत्ती, ती घरातच राहावी. बैठकीच्या खोलीत मध्ये टोल्यांचं घड्याळ, एका बाजूला फुलदाणी, दुसऱ्या बाजूला आरसा. या तिन्हींचे चिनी उच्चार जोडले की 'आयुष्यभर शांतता' असं ऐकू येतं. ज्या घरातला माणूस वर्षानुवर्षं परगावी, त्या घराला याहून वेगळं काय मागायचं असणार?

पण होंगत्सुनचा खरा प्राण आहे पाणी. दगडी पाट घराघरांच्या दारावरून वाहतो, अर्धचंद्राच्या तळ्यात येतो आणि पुढे दक्षिणेच्या तलावाला मिळतो. पंधराव्या शतकातल्या पाटाच्या आणि अर्धचंद्राच्या तळ्याच्या कामाचं श्रेय गावकरी हू चोंग या बाईंना देतात. त्यांचे पती नोकरीनिमित्त दूर होते. गावाचं काम त्यांनी पुढे नेलं.

एकोणिसाव्या शतकात तैपिंग बंडाची धामधूम झाली, व्यापारही उतरला. जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, आणि म्हणून जुनं टिकलं.

मंडळी, बाहेरून आलेल्या पैशानं भिंती उभ्या राहिल्या; पाट वाहता ठेवला तो मागे राहिलेल्यांनी. तुमच्या गावच्या घराची किल्ली आज कोणाकडे आहे? या रविवारी त्यांना एक फोन नक्की करा.