बिडाचा खांब

मुंबईतल्या काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनला, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलला, आमचे अण्णा शेवटपर्यंत ‘वॉटसन’च म्हणत. अण्णा म्हणजे आजोबा. तिथल्या एका वकिलाकडे ते कारकून होते. हायकोर्ट जवळ, त्यामुळे इमारतभर वकील, नोटरी आणि टायपिस्ट.

अण्णांचं टेबल एका बिडाच्या खांबाला लागून होतं. बिडात खिळा जाईना, म्हणून कॅलेंडर खांबालाच सुतळीनं बांधलेलं. तेलरंगाचे थर एवढे, की टवका उडाला की खाली निराळाच रंग. हे खांब इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या अवाढव्य छपरातही त्यांचा हात होता. 1867 ते 1869 या काळात वॉटसन हॉटेलचा सांगाडा उभा राहिला. सगळा भार त्या सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरीच्या.

पुढचे सगळे बदल मला यातच दडलेले दिसतात. हॉटेल बंद पडल्यावर लाकडी पार्टिशनं घालून खोल्यांच्या केबिनी करणं सोपं गेलं. छत उंच, म्हणून पोटमाळे निघाले. अण्णांच्या डोक्यावर तर फायलींचा अख्खा माळा होता.

जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून ताज हॉटेल उभं राहिलं, हे अण्णा डोळ्यांदेखत घडल्यासारखं सांगत. त्याला भक्कम पुरावा मिळत नाही. 7 जुलै 1896 ची गोष्ट मात्र पक्की: ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती याच इमारतीत. त्या खेळांनी भारावून आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. हे सांगताना अण्णांचा आवाज चढायचा.

2005 मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एक जीव गेला. 2019 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं ती रिकामी झाली. पाडावी, असा सल्लाही तज्ज्ञांनी दिला होता. मला तो पटत नाही. सांगाडा वाचवायलाच हवा. आणि तो सावरताना पार्टिशनं कचरा म्हणून सरसकट उपटू नयेत. एक तरी केबिन पोटमाळ्यासकट ठेवावी. हॉटेलातल्या साहेबांइतकाच तिथल्या कारकुनांचाही या वास्तूवर हक्क आहे.