सोडून दिलेला महसूल : दादरा-नगर हवेलीतील करसवलतींचा इतिहास



वाङ्मयीन व्याख्यानमालेत विक्रीकराविषयी बोलायला उभा राहिलेल्या माणसाने आधी क्षमा मागावी हे बरे. पण ज्या भूमीवर आपण आज बसलो आहोत, तिचा अर्वाचीन इतिहासच मुळी एका महसुली सवलतीने सुरू होतो, आणि ती सवलत मराठीत लिहिलेली होती. तेव्हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे सांताना हे जहाज पकडले. पुढे १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्यात भरपाई आणि मैत्री या दोन्ही नात्यांनी वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यायचे ठरले. १७८३ साली नगर हवेलीची गावे गेली, १७८५ साली दादरा. पेशवाईच्या दृष्टीने ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. सरंजाम म्हणून गावे लावून देणे हा रोजचा व्यवहार होता. गाव द्यायचे म्हणजे त्याचा वसूल द्यायचा. राज्य द्यायचे नव्हे.

हा फरक पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कळीचा ठरला. १९५४च्या मुक्तीनंतर पोर्तुगालने भारतावर जो दावा लावला, त्यात तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ आणि मराठी सनदा न्यायाधीशांपुढे आल्या. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा अधिकार होता, सार्वभौमत्व नव्हे. सार्वभौमत्व पोर्तुगीजांकडे आले ते पुढे इंग्रजांनी ते गृहीत धरल्यामुळे. म्हणजे एका सत्तेने वसूल सोडला आणि त्या सोडण्यातून पुढे एक सरहद्द तयार झाली. माझे आजचे म्हणणे याच वाक्याभोवती फिरणार आहे. कारण दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका सत्तेने याच भूमीवर पुन्हा वसूल सोडला आणि त्या वेळी त्या सरहद्दीनेच कारखाने ओढून आणले.

मुक्तिसंग्रामाची हकिगत आपल्याला मी सांगायची गरज नाही. सुधीर फडके आणि त्यांचे सहकारी, २ ऑगस्ट १९५४, त्यानंतरची वरिष्ठ पंचायतीची सात वर्षे, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी झालेले विलीनीकरण. त्यासाठी बदलानी नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचे पंतप्रधान व्हावे लागले, ही गंमतही आपल्या तोंडपाठ असेल. मला त्या वेळच्या जनगणनेकडे लक्ष वेधायचे आहे. १९६१ साली ४९१ चौरस किलोमीटरच्या या मुलखात ५७,९६३ माणसे होती. बहुतेक सारी वारली, धोडिया, कोकणा, काथोडी. भात, नागली आणि जंगल यांवर त्यांचा संसार चाले. कारखाना म्हणावा असे काही नव्हते. कुंभार होते, चपला करणारे होते, बांबूच्या टोपल्या विणणारे होते.

पोर्तुगालने इथे उद्योग उभारले नाहीत, हे एका अर्थी नवल नाही. खुद्द पोर्तुगाल त्या काळी पश्चिम युरोपातला गरीब देश होता. मार्शल योजनेची मदत त्याने आधी नाकारली, मग घेतली. त्याची पहिली विकास योजना १९५३ साली सुरू झाली आणि १९५४ साली हा मुलूख त्याच्या हातून गेला. युद्धानंतरच्या युरोपात मात्र मागास प्रदेशांत सरकारी पैसा ओतून भांडवल खेचण्याची कल्पना जोरात होती. इटलीने १९५० साली दक्षिण भागासाठी स्वतंत्र निधी काढला. त्या पैशातून पोलादाचे आणि रसायनांचे प्रचंड कारखाने उभे राहिले, पण भोवतालच्या गावांशी त्यांचे नाते जुळेना. इटालियन टीकाकार त्यांना वाळवंटातली कॅथेड्रले म्हणू लागले. हे शब्द लक्षात ठेवावेत. आपल्याकडे कॅथेड्रले आली नाहीत, पत्र्याच्या छपराच्या शेड आल्या. पण प्रश्न तोच होता.

भारतात हा विचार साठच्या दशकात आला. महाराष्ट्राने १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ काढले आणि १९६४ साली मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांसाठी सवलतींची सामूहिक योजना आणली. केंद्राने पांडे आणि वांच्छू यांचे दोन कार्यगट नेमले. मागास भाग कोणते हे पांडे गटाने सांगायचे आणि त्यांना द्यायचे काय हे वांच्छू गटाने. पांडे गटाने चंदीगड, दिल्ली आणि पाँडिचेरी वगळून सगळे केंद्रशासित प्रदेश मागास धरावेत असे सुचवले. १९७१पासून निवडक मागास भागांत कारखान्याच्या स्थिर भांडवलावर आधी दहा टक्के, मग पंधरा टक्के केंद्रीय अनुदान मिळू लागले.

इथे पहिली औद्योगिक वसाहत पिपरियाला झाली, तीही सहकारी तत्त्वावर, दान उद्योग सहकारी संघाच्या पुढाकाराने. नंतर मसाट आणि खडोलीला सरकारी वसाहती आल्या. पण पहिली पंधरा-वीस वर्षे चाल मंदच होती. भांडवली अनुदानाने कारखानदार हलत नाही, असे यावरून दिसते. अनुदान एकदाच मिळते आणि ते मिळवायला कचेरीत खेटे घालावे लागतात. त्याला हलवले ते ऐंशीच्या दशकापासूनच्या विक्रीकराच्या पंधरा वर्षांच्या माफीने आणि नंतर १९९३च्या प्राप्तिकर सवलतीने. प्राप्तिकर कायद्याला त्या वर्षी मागास राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांची एक अनुसूची जोडली गेली. तिच्यात ईशान्येकडची राज्ये, जम्मू-काश्मीर, हिमाचल यांच्या बरोबरीने दादरा-नगर हवेलीचे नाव होते. नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षे नफ्यावर पूर्ण माफी, आणि कंपनी असेल तर पुढची पाच वर्षे तीस टक्के वजावट.

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्या अनुसूचीतले बहुतेक प्रदेश डोंगरापलीकडे, समुद्रापलीकडे किंवा देशाच्या टोकाला आहेत. दादरा-नगर हवेली मात्र मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या आणि वापी स्थानकाच्या कुशीत. वापीला गुजरातची मोठी औद्योगिक वसाहत आधीच नांदत होती. तिथला कामगार, तिथला ट्रकवाला, तिथला यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री, सगळे हाताशी. कारखानदाराने फक्त सरहद्द ओलांडायची, की मागासलेपणाची सवलत आणि पुढारलेल्या भागाची सोय एकदमच पदरात. वापीहून मी टेम्पोत बसून इकडे येतो तेव्हा कुठे गुजरात संपला आणि कुठे केंद्रशासित प्रदेश लागला हे शेत, झाडे, माणसे यांवरून मला कधी कळलेले नाही. पूर्वी ते कारखान्यांच्या पाट्यांवरून आणि दारूच्या दुकानांवरून कळे.

शिवरामन समितीने ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास देशभरच्या योजनेविषयी नेमके हेच सांगितले होते. अनुदानाचा मोठा हिस्सा थोड्याच जिल्ह्यांनी नेला, आणि ते जिल्हे पुढारलेल्या औद्योगिक केंद्रांना लागून होते. समितीच्या मनात जव्हार-मोखाड्यासारखे दूरचे भाग असणार. पैसा गेला तो मात्र रेल्वेस्थानकाजवळ. केंद्राने १९८८ साली ते अनुदान बंद केले. करमाफी चालू राहिली.

माफी कोणत्या करावर आहे यावरून कोणता धंदा येणार हे ठरते, हेही इथे पाहण्यासारखे आहे. विक्रीकर मालाच्या किमतीवर बसतो, नफ्यावर नव्हे. ज्या धंद्यात माल भराभर फिरतो, उलाढाल मोठी आणि दर किलोमागे सुटणारा पैसा थोडा, त्याला ही माफी सगळ्यांत गोड लागते. कृत्रिम धागा हा अगदी तसा धंदा. पॉलिस्टरचा कच्चा धागा बाहेरून बॉबिनवर येतो. यंत्रात तो तापवून, पिळून, गार करून त्याला लोकरीसारखा फुगीरपणा आणतात, त्याला टेक्श्चरायझिंग म्हणतात. आणि तोच धागा पुन्हा बॉबिनवर गुंडाळून सुरतेला किंवा भिवंडीला जातो. यंत्र रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालते. त्याला वीज लागते, सलग लागते; माणसे त्या मानाने थोडी. या धाग्याचे सिल्वासा हे देशातले एक प्रमुख केंद्र झाले. तांबे शुद्ध करण्याचा मोठा प्रकल्प आला, ऑप्टिकल फायबर आली, प्लॅस्टिक आले. दरडोई विजेचा वापर देशात सर्वाधिक, असा लौकिक या मुलखाच्या नावावर लागला. खानवेलपलीकडच्या पाड्यावर एका दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वाट्याला हा लौकिक कसा येतो, हे भागाकार करणाऱ्यालाच ठाऊक. कारखान्यांनी जाळलेल्या विजेला थोड्या लोकसंख्येने भागले, की सरासरी फुगते.

मग माणसांचे काय झाले? यासाठी मला जनगणनेचे आकडे सगळ्यांत बोलके वाटतात. १९९१ साली इथली लोकसंख्या १,३८,४७७ होती. २००१ साली ती २,२०,४९० झाली, २०११ साली ३,४३,७०९. वीस वर्षांत अडीचपट. ही वाढ पाळण्यांनी होत नाही, गाड्यांनी होते. त्याचा पुरावा स्त्री-पुरुष प्रमाणात आहे. १९९१ साली दर हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया होत्या, २००१ साली ८१२, २०११ साली ७७४. इथे मुली मारल्या गेल्या असा याचा अर्थ कुणी काढू नये. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून एकटे पुरुष आले, दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपले आणि घरी पैसे धाडत राहिले. आदिवासींची संख्या या काळात वाढलीच, पण त्यांचा वाटा १९९१च्या ७९ टक्क्यांवरून २००१ साली ६२ आणि २०११ साली ५२ टक्क्यांवर आला. गावात तीच घरे, तीच माणसे. पण बाजारात, बसमध्ये, सरकारी खिडकीपुढे आपण निम्मेच उरलो, हे एका पिढीत अनुभवायला आले.

लोक आले याची तक्रार मी करत नाही. आलेला माणूसही पोटासाठीच आला. प्रश्न योजनेच्या रचनेचा आहे. प्रदेश मागास ठरवताना मोजली गेली ती इथल्या माणसांची गरिबी. सवलत देताना मोजले गेले ते कारखानदाराचे भांडवल आणि त्याचा कर. या दोहोंना जोडणारी अट, म्हणजे इथल्या किती जणांना काम मिळाले, कोणते मिळाले, यंत्रावरचे की झाडूचे, ही प्राप्तिकराच्या त्या कलमात नव्हती. लहान कारखान्याने दहा, वीज नसेल तर वीस कामगार ठेवावेत एवढी अट कायद्याने घातली. ते कुठले असावेत याबद्दल तो गप्प होता. नागलीचे शेत असलेल्या वारल्याचा मुलगा धाग्याच्या कारखान्यात हमाल म्हणून लागे आणि त्याच वेळी त्याच्या बापाच्या शेजारच्या वावरात भाड्याच्या चाळी उठत. ज्यांच्याकडे रस्त्याकडेची जमीन होती त्यांना या वाढीत हिस्सा मिळाला. ज्यांची जमीन आत होती त्यांना मिळाला तो धूर. आणि काहींना त्याहून कमी. दमणगंगेवर मधुबन धरण झाले तेव्हा भिंत गुजरातेत राहिली आणि पाणी मुख्यतः इकडच्या दुधनी भागातल्या गावांवर चढले. ते पाणी शेतीबरोबर उद्योगांनाही गेले.

युरोपात हे निराळे घडले का? काही बाबतींत, होय. १९५७च्या रोमच्या करारातच ब्याण्णवावे कलम होते. सरकारने एखाद्या उद्योगाला मदत देऊन स्पर्धा बिघडवू नये असे ते सांगते, पण राहणीमान फारच खालचे असलेल्या प्रदेशासाठी अपवाद ठेवते. त्या मदतीला मर्यादा असते आणि ती बाहेरच्या आयोगाकडून तपासून घ्यावी लागते. १९७५ साली प्रादेशिक विकास निधी निघाला. १९८८च्या सुधारणेत तो काही वर्षांच्या आखीव कार्यक्रमांना बांधला गेला, आणि स्थानिक संस्थांनाही त्यात भागीदार केले गेले. त्याच सुमारास दिल्लीने आपले अनुदान गुंडाळले. एक योगायोग सांगतो: १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला आणि या मागास-प्रदेश निधीचा मोठा लाभार्थी बनला. ज्या राज्याने हा मुलूख मागास ठेवला असे आपण म्हणतो, ते आणि आपण एकाच दशकात मागासलेपणाच्या यादीत होतो. त्यांना मुख्यतः खर्चातून मिळाले: रस्ते, प्रशिक्षण, शाळा. आपल्याला मिळाले ते मुख्यतः न घेतलेल्या करातून. खर्च दिसतो, विधिमंडळात त्याच्यावर भांडता येते. न घेतलेला कर कुणाला दिसत नाही. तिथेही निधी वाया गेल्याची उदाहरणे काही कमी नाहीत, हे खरे. पण कशावर वाया गेला हे निदान सांगता येते.

प्राप्तिकराची ती माफी मार्च २००४पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांसाठी होती. २०१७च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचा जुना खेळ संपला. सगळे कारखाने मात्र उठून गेले नाहीत. वीज, वापीचा शेजार आणि तोवर तयार झालेले कारागीर, यांनी बऱ्याच जणांना धरून ठेवले. ही या धोरणाची जमेची बाजू आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवशी विलीनीकरण होऊन प्रशासकीय सीमाही बदलल्या.

राहता राहिला हिशोब. करसवलतींमुळे किती महसूल बुडाला याचे पत्रक केंद्रीय अर्थसंकल्पासोबत छापायला २००६-०७ साली सुरुवात झाली. तोवर इथल्या सवलतींचा सुवर्णकाळ बहुतांशी उलटून गेला होता. पेशव्यांच्या सनदेत मात्र सोडलेल्या वसुलाचा आकडा लिहिलेला आहे: सालीना रुपये १२,०००.